दुधाचा पेला की गाभण कालवड? हेफर प्रोजेक्टचा इतिहास आणि आमच्या मंडळापुढील प्रश्न

माधव_गिरगाव

नमस्कार मंडळी. आमच्या चाळीच्या उत्सव मंडळाकडे दरवर्षी थोडीफार रक्कम शिल्लक राहते आणि आजवर ती वह्या, छत्र्या आणि चादरी वाटण्यात खर्च होत आली आहे. यंदा कार्यकारिणीत एका सभासदाने असे सुचवले, की जव्हार-मोखाडा भागातील काही कुटुंबांना शेळ्या द्याव्यात आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या शेळीचे पहिले मादी करडू दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यावे, अशी अट घालावी. ही कल्पना अमेरिकेतील हेफर प्रोजेक्ट (हेफर म्हणजे कालवड) या संस्थेने रूढ केली. तिचा इतिहास वाचल्यावर काही प्रश्न पडले, म्हणून हा धागा काढत आहे.

हेफर प्रोजेक्ट ज्या चर्च ऑफ द ब्रेदरनमधून निघाला, तो अमेरिकेतील एक लहानसा ख्रिस्ती पंथ आहे. त्याचा उगम १७०८ साली जर्मनीतील श्वार्झेनाऊ या गावी झाला आणि युद्धात शस्त्र हाती घ्यायचे नाही, ही त्याची जुनी शिकवण आहे. या पंथातील डॅन वेस्ट नावाचा इंडियाना राज्यातील शेतकरी १९३७ साली यादवी युद्धाने होरपळलेल्या स्पेनमध्ये क्वेकर या दुसऱ्या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मदतकार्यात सामील झाला. तेथे दुधाची भुकटी पाण्यात कालवून ती मुलांना पेल्यापेल्याने वाटण्याचे काम त्याच्याकडे होते. पुरवठा तुटपुंजा असल्याने कोणाला दूध द्यायचे आणि कोणाला नाही, हेही त्यालाच ठरवावे लागे. या मुलांना पेला नव्हे, गाय हवी, हा विचार त्याच्या मनात तेथेच पक्का झाला. मायदेशी परतल्यावर तो शेजारच्या शेतकऱ्यांच्या मागे लागला, १९४२ साली चर्चच्या सेवा समितीने योजना उचलून धरली आणि १९४४ साली सतरा कालवडींची पहिली तुकडी जहाजाने पोर्तो रिकोला रवाना झाली. सुरुवातीला दान मिळालेल्या कालवडींपैकी तिघींची नावे विश्वास, आशा आणि प्रीती अशी ठेवली होती. अट एकच होती: या गाईची पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची.

माझा प्रश्न असा, की या योजनेचे यश गाईत होते की अटीत? आणि ती अट आपल्याकडे पाळली जाईल का?

चहाबाज

आमच्या इमारतीत एका घरी नेलेली शिडी दुसऱ्या घरी पोचेपर्यंत दिवाळी उलटून जाते. त्या मानाने करडाला स्वतःचे पाय आहेत, एवढीच आशा बाळगावी.

सुनीता_दहिसर

माधवराव, विषय उत्तम आहे. या इतिहासातील सर्वांत रंजक भाग आपल्याकडून राहिला, तो मी जोडते.

दुसरे महायुद्ध संपता संपता युरोपातील शेतीची जनावरे मोठ्या प्रमाणात नष्ट झाली होती. संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन यंत्रणेने, म्हणजे ‘अन्रा’ने, पोलंड, ग्रीस, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया वगैरे देशांना जहाजांतून जनावरे पाठवायला सुरुवात केली. परंतु भर समुद्रात घोड्यांना आणि गाईंना चारा-पाणी कोण करणार, हा प्रश्न होता. अन्राकडे जहाजे होती आणि ब्रेदरन मंडळींकडे गुरे सांभाळणारी माणसे होती. तेव्हा करार असा झाला, की चर्चच्या समितीने गुराखी पुरवायचे आणि त्या बदल्यात हेफर प्रोजेक्टच्या कालवडी अन्राच्या जहाजांतून विनामूल्य न्यायच्या. १९४५ ते १९४७ या काळात सुमारे सात हजार माणसे या कामावर गेली. त्यांत शेतकऱ्यांची मिसरूड फुटलेली मुले होती, तसेच विद्यार्थी, शिक्षक आणि पाद्रीही होते. समुद्रावरचे गुराखी, असेच त्यांना म्हटले जाई. त्यांनी नेलेली जनावरे तीन लाखांच्या आसपास भरतात. मात्र त्यांतील बहुसंख्य घोडे, खेचरे आणि गाई अन्राच्या होत्या. चर्चच्या कालवडी त्या मानाने थोड्या होत्या. पुष्कळ लेखांत हे दोन आकडे एकत्र करून सगळे श्रेय एकाच खाती जमा केले जाते, ते योग्य नाही.

युद्धानंतर त्यांनी जपानलाही शेळ्या पाठवल्या. कालपर्यंत जो देश शत्रू होता, त्याच्या मुलांसाठी दुभती जनावरे पाठवणे त्या काळच्या अमेरिकेत किती जणांना रुचले असेल, याचा विचार करून पाहावा. कोरियातील युद्धाच्या वेळी तर दोन लाखांहून अधिक उबवणीची अंडी विमानाने नेण्यात आली होती.

चिकित्सक

इतिहास रंजक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु चर्चने काढलेली संस्था म्हटल्यावर जो प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो, तो कोणीतरी विचारायला हवा, म्हणून मी विचारतो. गाईच्या पाठोपाठ धर्मही येत होता का? आदिवासी पट्ट्यात काम करायचे असेल, तर मंडळाला या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागेल.

सायमन_वसई

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवूनच देता येईल.

ब्रेदरन पंथाचे मिशन आपल्या अगदी शेजारी होते. १८९४ साली त्यांचे पहिले मिशनरी भारतात आले, बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, त्यांनी काम सुरू केले आणि पुढे डहाणू व पालघर येथेही त्यांची ठाणी झाली. डहाणूला त्यांचे इस्पितळ होते. ते मिशन धर्मप्रसारासाठीच आले होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा येथील ब्रेदरन मंडळ्या त्या ऐक्यात सामील झाल्या.

हेफर प्रोजेक्टची वाट निराळी होती. त्या कामात अन्य पंथांची मंडळी फार लवकर आली आणि १९५३ साली त्याची स्वतंत्र, ना-नफा संस्था म्हणून नोंदणी झाली. जनावर देताना धर्म पाहिला जात नसे. १९७१ साली संस्थेचे मुख्यालय आर्कान्सा राज्यात गेले आणि त्याच वर्षी डॅन वेस्ट वारला. आज ती हेफर इंटरनॅशनल या नावाने ओळखली जाते आणि चर्च हा तिच्या अनेक देणगीदारांपैकी एक आहे. तेव्हा गाईच्या गळ्यात क्रूस बांधलेला नव्हता, एवढे निश्चित म्हणता येईल. देणाऱ्यांच्या मनात श्रद्धा नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. त्या श्रद्धेवाचून इंडियानाच्या शेतकऱ्याने आपली गाभण कालवड अनोळखी माणसासाठी सोडलीच नसती.

थोडे विषयांतर करतो. आमच्या वसईत १९१८ साली मोन्सेनियर मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या बागायतदारांना सोडवणे, हा तिचा हेतू होता. तेथे दान नव्हते, कर्ज होते. आणि फेडलेले कर्ज दुसऱ्याच्या उपयोगी पडत होते. म्हणजे पुढे देण्याची अट आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही.

कॉम्रेड_परळ

सायमनरावांनी डहाणूचा उल्लेख केला, तेव्हा मला राहवत नाही.

त्या मुलखातल्या वारल्यांकडे गाय नव्हती, म्हणून ते गरीब होते, असे कोणी समजू नये. जमीन गेली होती, वेठ माथी होती आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही जमीनदाराकडे लग्नगडी म्हणून राबत होती. त्या गड्याला कोणी कालवड दिली असती, तर तिचे दूध सायंकाळी जमीनदाराच्या वाड्यावर गेले असते. मिशनचे दवाखाने आणि शाळा चांगल्या होत्या, त्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही. परंतु वेठबिगार मोडली, ती १९४५ साली झरी गावच्या सभेपासून शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांना संघटित केले म्हणून. त्याच वर्षी समुद्रावरचे गुराखी युरोपला निघाले होते, हा योगायोग लक्षात घ्यावा. तेथे युद्धाने गाय मारली होती, म्हणून गाय देऊन भागले. येथे गाय कोणी नेली, हा प्रश्न आधी विचारावा लागला.

सुनीता_दहिसर

कॉम्रेड, आपला मुद्दा मोलाचा आहे, परंतु तो १९४५ चा आहे. आज मोखाड्यातल्या कुटुंबाकडे वनहक्काचा पट्टा असेल आणि शेळी नसेल, तर आपण त्या कुटुंबाला काय सांगणार? आधी क्रांती, मग करडू?

कॉम्रेड_परळ

ताई, करडू जरूर द्या. मात्र ते दिल्याने गरिबीची कारणे दूर झाली, असे मंडळाच्या अहवालात लिहू नका, इतकेच माझे म्हणणे.

डॉ_पशुवैद्य

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो असून सध्या ठाण्यात राहतो. मूळ प्रश्नात गाय आणि अट असे दोन पर्याय दिले आहेत, त्यात मी तिसरा घालतो: वेळ.

डॅन वेस्टने कालवड निवडली आणि तीही गाभण, यामागे शेतकऱ्याचे शहाणपण होते. गाभण कालवड मिळालेल्या कुटुंबाला वळूची सोय शोधावी लागत नाही आणि काही महिन्यांत घरात दूध येते. परंतु पुढचे गणित संथ आहे. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो आणि जन्मणारे वासरू कालवड असण्याची शक्यता निम्मीच असते. पहिला गोऱ्हा झाला, तर आणखी एक वेत थांबावे लागते. संकरित कालवड नीट पोसली, तरी तिला स्वतः विण्यास अडीच वर्षांच्या आसपास लागतात. देशी गाईला त्याहूनही अधिक. म्हणजे साखळीची एक कडी पुढे सरकायला चार-पाच वर्षे सहज जातात. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा असतो, दोन वर्षांत तीन वेते मिळू शकतात आणि जुळी करडे ही नवलाई नसते. त्यामुळे मंडळाने शेळी निवडली, हे योग्यच झाले.

आता सावधगिरीच्या गोष्टी. जव्हार-मोखाड्याचा पाऊस फार मोठा आहे. उस्मानाबादी शेळी गुणी खरी, परंतु ती मराठवाड्याच्या कोरड्या हवेतील. तिला येथील चार महिन्यांच्या ओलीत नेऊन बांधली, तर खुरे सडतात आणि फुप्फुसाचे आजार होतात. शक्यतो त्याच तालुक्याच्या बाजारातली, त्या डोंगरात वाढलेली शेळी घ्यावी. बसायला जमिनीपासून उंच, कोरडा माच हवा. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची (आतड्यांतील विषबाधेची) लस द्यावी आणि पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस झाली आहे की नाही, याची खातरजमा करावी. कानात बिल्ला मारून विमा उतरवावा. शेळीच्या किमतीइतकेच महत्त्व या खर्चाला द्यावे, अन्यथा पहिल्याच श्रावणात साखळी तुटेल.

कोणी उत्साहाने गाय देण्याचे ठरवलेच, तर त्या पट्ट्यासाठी डांगी आहे. मुसळधार पावसात टिकणारी ती गाय आहे. होल्स्टीनसारखी विदेशी गाय तेथे नेऊ नये.

अण्णा_बोरिवली

डॉक्टरसाहेबांशी पूर्ण सहमत. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जे पंतप्रधान पॅकेज आले, त्यात दुभत्या गाईंचे वाटपही होते. चारा नाही, पाणी नाही, दूध घेणारे संकलन केंद्र जवळ नाही, अशा गावांत महागड्या गाई गेल्या. काही शेतकऱ्यांची अवस्था अशी झाली, की घरच्यांना खाऊ घालावे की गाईला, हेच कळेना. तेथे गाय होती, अनुदान होते, परंतु पुढे देण्याची अटही नव्हती आणि मागे उभे राहणारे शेजारीही नव्हते.

चहाबाज

म्हणजे सरकारने गाय दिली आणि शेतकऱ्याने ती मुख्यमंत्र्यांकडे पुढे द्यायची अट राहून गेली.

आरेवाला

दुधाच्या भुकटीला येथे फारच वाईट म्हटले जात आहे, म्हणून तिची बाजू मांडतो. माझे सारे आयुष्य दूध व्यवसायात गेले.

डॅन वेस्टला भुकटी वाटणे निरर्थक वाटले, कारण ती पोटात गेली की संपत असे. साधारण तीन दशकांनी युरोपात दुधाच्या भुकटीचे आणि लोण्याच्या तेलाचे डोंगर साचले आणि ते भारताला भेट देण्याची तयारी युरोपीय समुदायाने दाखवली. हा माल तसाच फुकट वाटला असता, तर आपल्याच गवळ्यांच्या दुधाचा भाव कोसळला असता. व्हर्गिस कुरियन यांनी ती भेट घेतली, तिचे पुन्हा दूध बनवून शहरांत विकले आणि आलेला पैसा गावोगावच्या दूध संघांत गुंतवला. १९७० साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडचा हा पाया होता. पहिल्या टप्प्यासाठी सुमारे १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन लोण्याचे तेल ठरले होते. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही त्या दुधाची चार मोठी गिऱ्हाइके होती. कुर्ल्याच्या मदर डेअरीसमोरून जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

म्हणून पेला की गाय, हा प्रश्न अपुरा वाटतो. गाय दिली आणि दूध घेणारा नसला, तर गाय विकली जाते. दूध घेणारा रोज सकाळी दारात उभा असेल, तर शेतकरी कर्ज काढून स्वतःच गाय आणतो. चर्चच्या मंडळींनी जनावर दिले. कुरियन यांनी गिऱ्हाईक दिले. दुसरे काम मोठे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुनीता_दहिसर

आरेवाले काका, मत मान्य. परंतु गिऱ्हाईक ज्याला मिळाले, त्याच्याकडे निदान एक म्हैस होती. ज्याच्या दारात काहीच नाही, त्याच्यासाठी दूध संघाची पायरी उंचच राहते.

अर्थनिरीक्षक

आता पुराव्याकडे वळू. हेफरच्या कीर्तीबद्दल शंका नाही. २०१० सालचा जागतिक अन्न पुरस्कार तिच्या तेव्हाच्या प्रमुख जो लक यांना डेव्हिड बेकमन यांच्यासह विभागून मिळाला होता. परंतु कीर्ती आणि परिणाम या दोन गोष्टी आहेत. नाताळच्या सुमारास संस्था सचित्र यादी काढते, त्यात अमुक डॉलरना शेळी, तमुक डॉलरना गाय, असे लिहिलेले असते. त्याच यादीत असेही नमूद केलेले असते, की आपली देणगी संस्थेच्या एकंदर कामासाठी वापरली जाईल, म्हणजे आपल्या नावाची शेळी कोठेतरी चरत असेलच असे नाही. यात लबाडी नाही. पण देणगीदाराला चित्र शेळीचे आवडते आणि खर्च मात्र प्रशिक्षण, लस आणि कार्यकर्त्याच्या एसटीभाड्यावर होतो, हे वास्तव आहे.

जनावर देऊन गरिबी हटते का, याची मोठी चाचणी ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झाली. ती हेफरची नव्हती, बांगलादेशातील ब्रॅक संस्थेच्या धर्तीवरील कार्यक्रमांची होती. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांतील दहा हजारांहून अधिक कुटुंबे त्यात होती. जनावर किंवा तत्सम मालमत्ता, सुरुवातीचे काही महिने खाण्यापिण्याचा आधार, प्रशिक्षण, बचतीची सोय आणि वारंवार घरी येणारा कार्यकर्ता, हे सारे एकत्र दिले, तर कार्यक्रम संपून वर्ष उलटल्यावरही कुटुंबांची स्थिती सुधारलेली दिसली. भारतातील प्रयोग पश्चिम बंगालमध्ये बंधन संस्थेने केला. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगाने मोठ्या संख्येने मेल्या आणि तेथे परिणाम फसला. डॉक्टरसाहेबांचा लशीचा आग्रह किती योग्य आहे, हे यावरून कळावे.

या अभ्यासाचे एक लेखक, नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई माहेरच्या पाटणकर, हे जाता जाता अभिमानाने नोंदवतो.

चहाबाज

नोबेलचा निम्मा वाटा तरी दादरला पुढे द्यायला हवा होता.

चिकित्सक

सायमनरावांच्या उत्तराने माझे समाधान झाले. आता एक भर घालतो. अट घालणारी चर्चची कामे आपल्याच राज्यात झाली आहेत. मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या सोशल सेंटरमधून दुष्काळी गावांत काम उभे केले आणि १९९० च्या दशकात नाबार्डबरोबर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. गावकरी त्यांना बाखर बाबा म्हणत. तेथे पैसा जर्मनीचा होता, परंतु आधी श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य केल्याशिवाय गावाला कामच मिळत नसे.

गंमत अशी, की चराईबंदीचा पहिला फटका शेळ्या-मेंढ्यांना बसतो. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत जनावरे राखून पोट भरणाऱ्यांना ही बंदी जड जाणे साहजिक होते. म्हणजे एक चर्चसंस्था शेळी देऊन गरिबी हटवू पाहते आणि दुसरी शेळीला डोंगरावरून खाली उतरवून. माधवरावांनी ज्या पाड्यांची निवड केली आहे, तेथे पाणलोटाचे काम चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

मोखाडा_शिक्षक

मी या भागात शाळेत शिकवतो आणि आपला धागा आज वाचला. मुंबईकरांनी एवढा अभ्यास करून मग मदत करायचे ठरवले, हे पाहून बरे वाटले, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

येथे दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. भाताची कापणी उरकली, की कुटुंबे भिवंडीकडे वीटभट्टीवर, वसई-विरारला बांधकामावर, कोणी रेती काढायला जातात आणि थेट पावसाच्या तोंडावर परततात. वर्गात उरलेली मुले पाहून कोण गेले आणि कोण राहिले, हे आम्हाला कळते. तेव्हा आपण दिलेली शेळी त्या सहा-सात महिन्यांत कोण राखणार? भट्टीवर ती नेता येत नाही. घरी आजी असेल तर निभावते. नसेल, तर निघण्यापूर्वी शेळी बाजारात जाते आणि त्यात लबाडी काही नसते. प्रवासाला आणि उचल येईपर्यंत पोटाला पैसे लागतात.

पुढे देण्याच्या अटीबद्दल. आमच्याकडे वाट्याने जनावर राखायला देण्याची रीत जुनी आहे. पिल्ले निम्मीनिम्मी होतात. त्यामुळे ‘पहिले करडू शेजाऱ्याचे’ ही गोष्ट लोकांना समजावून सांगावी लागणार नाही. मात्र ते करडू कोणाला जायचे, हे मुंबईत ठरवू नका. पाड्यावरच्या बायकांच्या बचत गटाला ठरवू द्या. ज्या घरी करडू जायचे आहे, ती बाई आपोआप पहिल्या शेळीवर लक्ष ठेवते, तिला पाला घालते, आजारी पडली तर आरडाओरड करते. आपला कोणताही निरीक्षक तिच्याइतका दक्ष राहणार नाही.

सायमन_वसई

गुरुजी, आपण शेवटच्या परिच्छेदात जे लिहिले, त्यात माधवरावांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. अटीमुळे घेणाऱ्याची मान ताठ राहते, हे हेफरवाले नेहमी सांगतात. परंतु अटीमुळे दोन घरे एकमेकांच्या जनावरात गुंततात, हा भाग त्यांच्या प्रचारपत्रकांत क्वचितच येतो.

कॉम्रेड_परळ

गुरुजींचे स्थलांतराचे वर्णन वाचून पुन्हा तेच म्हणतो: रोजगार हमीचे काम दिवाळीनंतर गावातच मिळाले, तर शेळी घरीच राहील. मंडळातील दोघे-तिघे तहसील कार्यालयात कामाची मागणी नोंदवायला त्या कुटुंबांसोबत गेले, तर त्याला काही खर्च येत नाही. पाहा पटते का.

अर्थनिरीक्षक

या वेळी कॉम्रेडशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

माधव_गिरगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येत्या सभेत मी पुढीलप्रमाणे मांडणी करणार आहे. शेळ्या कमी घ्यायच्या, परंतु प्रत्येक शेळीमागे लस, विमा आणि माचाचा खर्च आधीच बाजूला काढायचा. खरेदी त्याच तालुक्याच्या बाजारात करायची. कुटुंबांची आणि करडू पुढे कोणाला जायचे याची निवड बचत गटाकडे सोपवायची आणि ज्या घरी दिवाळीनंतर कोणीतरी राहते, तेथून सुरुवात करायची. रोजगार हमीचा मुद्दाही मांडीन. काही सभासद कपाळाला आठ्या घालतील, याची मला कल्पना आहे. शेळीवर मंडळाचे नाव रंगवावे, अशी एक सूचना आली आहे, तिला मी विरोध करीन.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचे राहिले. पहिल्या वेतात केवळ बोकडच झाले, तर अट पुढच्या वेतावर ढकलायची, की बोकड विकून त्या पैशांत मादी करडू घ्यायचे?

डॉ_पशुवैद्य

पुढच्या वेतावर ढकला. बोकडाचे पैसे त्या घरातच राहू द्या. पहिल्या वर्षी कुटुंबाच्या हाती काही पडले नाही, तर शेळी टिकत नाही. करडूसुद्धा तीन-चार महिन्यांचे होऊन पाला खाऊ लागल्याशिवाय आईपासून तोडू नये. आणि शेळ्या पावसाळ्यात देऊ नका. माच आधी बांधून होऊ द्या.

मोखाडा_शिक्षक

माचासाठी बांबू येथेच मिळेल, तो मुंबईहून आणू नये. कोणी पाहायला येणार असल्यास रविवार सोडून या. रविवारी मी गावी नसतो.